पाणी अडवून झाले, आता ते वाटायचे कसे?

पर्जन्यछायेतील एका गावच्या ग्रामपंचायत सदस्यांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गावात माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाची कामे झाली, विहिरींना पाणी आले, पहिली काही वर्षे कांदा आणि डाळिंबाने चांगला हात दिला आणि अनेकांची पक्की घरे उभी राहिली. परंतु आता उन्हाळ्यात पुन्हा टँकर येऊ लागला आहे, बोअरमागून बोअर कोरडे जात आहेत आणि तरुण पुन्हा चाकण-रांजणगावच्या कारखान्यांची वाट धरत आहेत. अशा वेळी शेतकऱ्यांचे जीवनमान सुधारावे आणि सुधारलेले टिकावे यासाठी पंचायतीने नेमके काय हाती घ्यावे, असे त्यांनी विचारले आहे.

पाणलोट आणि भूजलाच्या कामात बरीच वर्षे घालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, ज्या गावात चर, बांधबंदिस्ती आणि सिमेंट नालाबांध बऱ्यापैकी झाले आहेत, त्या गावाने आणखी एका बंधाऱ्यासाठी प्रस्ताव पाठवण्यापूर्वी असलेल्या पाण्याचा हिशेब मांडावा आणि त्याच्या वाटपाचा ठराव करावा. या ठरावापाशीच बहुतेक गावे अडतात, कारण बंधारा बांधताना कोणाचे काही जात नाही, उलट चार लोकांना रोजगार मिळतो. वाटपाचा विषय निघाला की मात्र कोणाला तरी हात आखडता घ्यावा लागतो.

प्रथम जमिनीखालची परिस्थिती समजून घ्यावी. महाराष्ट्राचे चार पंचमांशांहून अधिक क्षेत्र बेसॉल्ट खडकाने व्यापलेले आहे. हा खडक गाळाच्या प्रदेशातील वाळूप्रमाणे पाणी धरून ठेवत नाही. वरचा मुरूम, त्याखालचा झिजलेला, सच्छिद्र मांजऱ्या खडक आणि पाषाणातील भेगा एवढ्याच जागांत पाणी साठते, आणि साठवणीची ही जागा खडकाच्या एकूण आकारमानाच्या अवघ्या एक ते तीन टक्के असते. त्यामुळे आपल्याकडची विहीर एका चांगल्या पावसात काठोकाठ भरते आणि पाच-सहा महिन्यांत तळाला जाते. पाणलोटाच्या कामांनी ही साठवण भरण्याची शक्यता वाढते. साठवणीचे आकारमान वाढत नाही. ही गोष्ट ग्रामसभेत स्पष्टपणे सांगितली गेली नाही, तर लोक प्रत्येक टंचाईनंतर नवा बंधारा मागत राहतात.

आता हिशेब पाहू. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे 10 हजार लिटर पाणी पडले. आपल्या गावाचे क्षेत्र 1000 हेक्टर आणि वर्षाचा पाऊस 500 मिलिमीटर धरला, तर शिवारात 500 कोटी लिटर पाणी पडते. आकडा ऐकून सभेत लोक सुखावतात, म्हणून पुढचे लगेच सांगावे. यातील सर्वात मोठा वाटा खरीप पिके, गवत, झाडे आणि उघडी जमीन यांच्याद्वारे पुन्हा हवेत जातो, काही वाहून जातो आणि बेसॉल्टमध्ये ढोबळमानाने दहावा हिस्सा, म्हणजे सुमारे 50 कोटी लिटर, भूजलात उतरतो. त्यातीलही काही पाणी ओढ्या-नाल्यांतून हळूहळू बाहेर पडते. उपशासाठी 35 कोटी लिटर हाती राहतात असे धरणे व्यवहाराला धरून होईल. दीड हजार लोकवस्तीला जल जीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी दररोज 55 लिटर पाणी द्यायचे म्हटले, तर वर्षाला सुमारे 3 कोटी लिटर लागतात. 600 मोठी जनावरे असतील, तर त्यांना आणखी दीड कोटी. म्हणजे माणसे आणि जनावरे मिळून साडेचार कोटी लिटरांत गावाचे भागते आणि शेतीसाठी सुमारे 30 कोटी लिटर उरतात.

हे 30 कोटी लिटर किती होतात? रब्बी कांद्याला एका पाळीला, म्हणजे एकदा पाणी देण्याला, एकरी सुमारे अडीच लाख लिटर आणि हंगामात दहा-बारा पाळ्या लागतात. एक एकर कांदा म्हणजे 25 ते 30 लाख लिटर. याचा अर्थ, अडीच हजार एकरांच्या शिवारात 100 एकर कांदा झाला की शेतीचे सगळे पाणी संपले. उसाचे सांगायलाच नको: पावसाचे पाणी वगळता हेक्टरी दीड कोटी लिटर धरले, तरी पाच एकर ऊस संपूर्ण गावाचे वर्षभराचे पिण्याचे पाणी पितो. याउलट हरभरा किंवा शाळू (रब्बी ज्वारी) जमिनीतील ओलीवर येतो आणि ताण पडताना दिलेल्या दोन संरक्षित पाण्यांत, म्हणजे एकरी सुमारे 5 लाख लिटरांत, बऱ्यापैकी पदरात पडतो. पिकांच्या या आकड्यांत जमिनीनुसार फरक पडेल. चढणीच्या मुरमाड रानाला पाळ्या जास्त आणि नाल्याकाठच्या काळ्या रानाला कमी लागतील. तरीही निष्कर्ष फारसा बदलत नाही.

विहिरीकडे पाहून लोकांची फसगत होते, म्हणून एक उदाहरण देतो. आठ मीटर व्यासाच्या विहिरीत सहा मीटर पाणी उभे असेल, तर ते फक्त 3 लाख लिटर असते. पाच अश्वशक्तीचा पंप ते दहा-बारा तासांत उपसतो आणि त्यात एक एकर कांद्याची जेमतेम एक पाळी निघते. दुसऱ्या दिवशी विहिरीत पुन्हा जे पाणी दिसते, ते आजूबाजूच्या मुरमातून, म्हणजे बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या बांधाखालून, पाझरून आलेले असते. विहीर सातबाऱ्यावर एकाच्या नावे असली, तरी तिच्यातील पाणी एकाचे नसते. त्यामुळे पातळी मोजताना पंप सुरू होण्यापूर्वी, पहाटे मोजावी. वजन बांधलेली टेप कठड्याच्या ठरावीक खुणेवरून सोडावी आणि कठड्याची उंची वजा करावी. दुपारी उपसा चालू असताना घेतलेले माप निरुपयोगी असते, आणि पंचायतींच्या वह्यांत मी पाहिलेली निम्मीअधिक मापे अशीच असतात.

आपल्या गावात पाणी कुठे गेले, याचे उत्तर बहुधा तीन गोष्टींत सापडेल. पहिली म्हणजे बागा. हंगामी पीक घेणारा शेतकरी पाऊस कमी झाला की पेरा कमी करतो. डाळिंबाची किंवा लिंबाची बाग लावलेल्याला तसे करता येत नाही, कारण झाडे जगवावीच लागतात. दुष्काळी वर्षात पाण्याचा पुरवठा पावसाच्या तुटीपेक्षाही अधिक वेगाने घटतो, कारण पहिला पाऊस मातीच पिते आणि खाली उतरायला फार थोडे उरते. अशा वर्षी बागांची मागणी मात्र तसूभरही हटत नाही. मग एकजण बोअर घेतो आणि त्याच्या भीतीने शेजारी आणखी खोल जातो. खोल पाषाणात स्वतंत्र साठा फारसा नसतो. वरच्या थरातील पाणी त्या छिद्रातून खाली ओढले जाते आणि आजूबाजूच्या उथळ विहिरी आटतात. कोरड्या गेलेल्या बोअरचा खर्च मात्र घरात राहतो, आणि तो सोसायटीच्या कर्जातून भागत नसल्याने सावकाराकडून किंवा दुकानदाराच्या उधारीवर उभा केलेला असतो.

दुसरी गोष्ट शेततळ्यांची. शासनाची ‘मागेल त्याला शेततळे’ योजना 2016 साली सुरू झाली. पावसाचे वाहते पाणी साठवावे आणि खंड पडल्यावर पिकाला द्यावे, हा शेततळ्याचा मूळ हेतू उत्तम आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी प्लास्टिकचे अस्तर टाकलेली तळी पावसाने भरण्याऐवजी विहीर आणि बोअर उपसून भरली जातात. सुमारे 44 मीटर लांबी-रुंदीच्या तळ्याच्या पृष्ठभागावरून फेब्रुवारी ते मे या काळात मीटरभर पाणी, म्हणजे 19 लाख लिटर, उडून जाते. जमिनीखाली सावलीत असलेले आणि सर्वांचे असलेले पाणी उन्हात आणून ठेवायचे आणि त्याला कुंपण घालायचे, असा हा व्यवहार आहे. जालना जिल्ह्यातील कडवंची गावाने पाणलोट आणि शेततळ्यांच्या आधारे द्राक्षशेतीतून मोठी प्रगती केली, हे खरे आहे. परंतु त्या गावाचा दाखला देताना आधी पाणलोटाचे शिस्तबद्ध काम झाले होते, हे सोयीस्करपणे गाळले जाते.

तिसरी गोष्ट ठिबकची, आणि ती बोलल्यावर सभेत नाराजी ठरलेली. ठिबकने एकरी पाणी कमी लागते, याबद्दल वाद नाही. परंतु वाचलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी एक एकर भिजवतो, आणि पूर्वी पाटाने देताना जे पाणी मुरून शेजारच्या विहिरीला जात होते, तेही आता जात नाही. उपशावर मर्यादा नसेल, तर ठिबकमुळे शेतकऱ्याचे उत्पन्न वाढते, गावाचे पाणी वाचत नाही. सौर पंपामुळे दिवसा वीज मिळणे हे तर शेतकऱ्याच्या जगण्यातील फार मोठे सुख आहे. रात्री दोन वाजता पाळी फिरवायला विंचू-सापांतून जाणारा माणूस ज्या घरात आहे, त्या घरालाच त्याचे मोल कळते. तरीही सौर पंपाला विजेचे बिल नसते, म्हणून तो सूर्य असेतोवर चालतच राहतो, ही बाब हिशेबात धरावी लागते.

वाटपाचे प्रयोग आपल्याच राज्यात झालेले आहेत. 1972 च्या दुष्काळानंतर अभियंता विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावातून पाणी पंचायतीचे काम उभे केले. तिचे नियम आजही धाडसी वाटतात: पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल इतके द्यायचे, जमीन विकली तरी तिच्यासोबत पाण्याचा हक्क विकला जाणार नाही, भूमिहीनांनाही वाटा राहील, आणि उसासारखे पीक घ्यायचे नाही. नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाले, आणि पुढे गावाने कुऱ्हाडबंदी व चराईबंदीसोबत शेतीसाठी बोअर न घेण्याचा आणि ऊस-केळी टाळण्याचा निर्णय पाळला. दरवर्षीच्या पावसानुसार पीकपद्धती ठरवण्याची प्रथाही पाडली. हिवरे बाजारला रोज कुठल्या ना कुठल्या गावाची सहल जाते. मंडळी बंधाऱ्यांचे फोटो काढून परततात. बोअरबंदी घेऊन परतलेले गाव मात्र विरळा.

येथे ‘जीवनमान’ कोणाचे, हेही विचारले पाहिजे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 2018-19 च्या पाहणीनुसार देशातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न 10,218 रुपये होते. त्यात मजुरी व पगाराचे 4,063 रुपये, पिकांचे 3,798 रुपये आणि पशुपालनाचे 1,582 रुपये होते. शेतकरी म्हणून मोजलेल्या घरातही पिकापेक्षा मजुरीचा पैसा अधिक येतो, हे या आकड्यांतून दिसते. महाराष्ट्रात 1970-71 मध्ये सरासरी धारणक्षेत्र 4.28 हेक्टर होते, ते 2015-16 च्या कृषिगणनेत 1.34 हेक्टरवर आले. एवढ्या तुकड्यावर केवळ पीक बदलून कुटुंब वर येईल, ही अपेक्षा बाळगू नये. मुलगा कारखान्यात गेला म्हणून योजना फसली, असेही मानू नये. तो स्वेच्छेने आणि शिक्षण घेऊन गेला की टँकर आणि कर्जामुळे गेला, हे पाहावे. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची 2019 मध्ये शासकीय समितीला चौकशी करावी लागली. स्थलांतराचा तो प्रकार आणि चाकणची नोकरी एका रकान्यात लिहिता येणार नाहीत.

गावातील स्त्रियांचा विचार केल्यास हिशेब आणखी वेगळा निघतो. पाणी आले की डोक्यावरचा हंडा उतरतो, पण कांद्याची लागण, खुरपणी आणि काढणी वाढते, गोठ्यातील जनावरे वाढतात, आणि ही सगळी वाढ त्यांच्याच दिवसात सामावली जाते. दुधाचे पैसे मात्र खातेदाराच्या नावे जमा होतात. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याचा आग्रह धरला होता. तेवढे तातडीने साधत नसेल, तर निदान दूध संस्थेचे सभासदत्व आणि खाते गोठा सांभाळणारीच्या नावे करण्याचा ठराव आपल्या पंचायतीने संस्थेकडे न्यावा. चराईबंदी केली असेल, तर शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या भूमिहीन घरांवर तिचा सर्वात मोठा बोजा पडतो. त्यांना राखीव रानातील गवत विळ्याने कापून नेण्याचा पहिला हक्क द्यावा, अन्यथा पाणलोटाची किंमत त्यांनी मोजायची आणि फायदा बागायतदाराने घ्यायचा, असे होते.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. पाण्याच्या या हिशेबाचा ताळेबंद परतीचा पाऊस ओसरताच, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तयार हवा. डिसेंबरमध्ये घेतलेली सभा निरर्थक असते, कारण तोपर्यंत कांद्याची रोपे उभी झालेली असतात आणि उभी रोपे कोणी मोडत नाही. वाफ्यात बी पडण्यापूर्वी निर्णय झाला पाहिजे. गावात पर्जन्यमापक नसेल तर तो आधी बसवावा; महसूल मंडळाच्या ठिकाणचा पाऊस आपल्या शिवारात पडलेलाच असतो, असे नाही. प्रत्येक ओढ्याकाठच्या काही विहिरी निवडून त्यांची मापे घ्यावीत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे निरीक्षण विहिरींच्या जुन्या नोंदी असतात, त्या मागवून ताडून पाहाव्यात. पिण्याचे आणि जनावरांचे पाणी आधी बाजूला काढावे आणि सार्वजनिक विहिरीच्या परिसरात उन्हाळी पिकासाठी उपसा बंद ठेवावा.

उरलेल्या पाण्याचे वाटप सभेत कुटुंबानुसार मांडून दाखवावे. वरच्या उदाहरणातील दीड हजार लोकवस्तीची 300 कुटुंबे धरली, तर 30 कोटी लिटर म्हणजे प्रत्येकी 10 लाख लिटर. त्यात दोन एकर हरभरा किंवा शाळू निघतो, किंवा जेमतेम तेरा गुंठे कांदा. हा आकडा फळ्यावर लिहिला की चर्चेचा सूर बदलतो, कारण ज्याच्या विहिरीवर दहा एकर कांदा उभा आहे, तो कोणाकोणाचे पाणी वापरतो आहे, हे नाव न घेता सर्वांना दिसते. समान वाटप पहिल्याच वर्षी होणार नाही आणि तसा हट्टही धरू नये. पहिल्या वर्षी तीन गोष्टी साधल्या तरी पुरे: नवीन बोअर नाही, नवीन बहुवार्षिक लागवड नाही आणि तळे विहिरीच्या पाण्याने भरायचे नाही.

उभ्या बागा तोडायला सांगू नये. त्यांत लोकांचे आयुष्य गुंतलेले असते. डाळिंबाचा बहार, म्हणजे फुलोरा, कोणत्या हंगामात धरायचा हे ठरवता येते: हिवाळ्याअखेरचा आंबे बहार भर उन्हाळ्यात पाणी मागतो, पावसाळ्याच्या सुरुवातीच्या मृग बहाराला पावसाचा आधार मिळतो. तुटीच्या वर्षी मृग बहार धरण्याचा ठराव करता येतो. मात्र दमट हवेत तेल्या रोगाचा धोका वाढतो, हे बागायतदार सांगतील आणि ते खरे आहे. म्हणून त्या वर्षी फवारणीचा वाढता खर्च किंवा घटलेले उत्पन्न त्यांनी एकट्याने सोसावे असे न म्हणता, खोल बोअर टाळल्याने गावाचे जे वाचले त्यातून पाणीपट्टीत सूट देण्यासारखा मोबदला ठरवावा.

कायद्याचा आधार आहे, पण तो मर्यादित आहे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम 2009 हा 2014 पासून अमलात आला. अधिसूचित, म्हणजे शासनाने त्यासाठी जाहीर केलेल्या, क्षेत्रात 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना त्यात प्रतिबंध आहे. रात्री गाडी आणून बोअर घेणाऱ्याला तालुक्याहून येऊन कोणी अडवील, या भरवशावर मात्र राहू नये. चार मोठे शेतकरी ऐकत नसतील, तर संपूर्ण गावाचा ठराव रेटण्याऐवजी एका ओढ्यावरील पंधरा-वीस विहिरींचा गट धरावा. त्यांचे पाणी एकमेकांत जाते हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते, त्यामुळे तेथे तडजोड लवकर होते. नोंदी ठेवायला दोन माणसे नेमावीत, त्यांपैकी एक स्त्री असावी. मापे पंचायतीच्या दप्तरात बंद न ठेवता दर पंधरवड्याला दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर विहीरमालकाच्या नावासह लिहावीत, कारण सकाळ-संध्याकाळ गावातील बहुतेक घरांतून कोणी ना कोणी तेथे येतेच.